एका हाताने उघडणारा चाकू

मी ठाण्याला आणि कल्याणला गेलो तो चाकू आणायला. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने देवळे, लेणी आणि साहेबलोकांचे बंगले यांची वाट पाहू नये. देवळे होती, पण मी ती बहुतेक बाहेरूनच पाहिली. वाईहून इतक्या लांब, घाट उतरून, एका चाकूसाठी कोणी जाते काय, असे आमच्या आळीत सगळ्यांनी विचारले. त्यांना मी सांगितले की ठाण्याला दूरचे आप्त आहेत, त्यांची भेट होईल. आप्त होते हे खरे, पण त्यांची आठवण मला चाकूच्या निमित्तानेच झाली.

चार वर्षांपूर्वी वाताचा झटका येऊन माझा डावा हात निकामी झाला. दिसायला जागच्या जागी आहे, पण खुंटीला टांगलेल्या उपरण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग नाही. उजवा हात ठणठणीत आहे आणि त्याच्याच जिवावर मी पोथ्या नकलून देतो, बाजारच्या दिवशी लोकांचे अर्ज लिहितो. लिहायला बोरू लागतो आणि बोरू तासायला चाकू लागतो. बोरू धरण्यासाठी मी सुताराकडून एक ठोकळा करून घेतला आहे. त्याच्या भोकात बोरू खोचला आणि ठोकळा पायाखाली दाबला की एका हाताने सुरेख टोक काढता येते. अडते ते चाकू उघडण्यापाशी. एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताच्या नखाने पाते ओढायचे, असे ते काम आहे. दोन हातांच्या माणसाने याचा कधी विचारही केला नसेल. मीही केला नव्हता.

गुडघ्यांत धरून पाहिला, तर पाते निम्मे उघडते आणि मूठ घसरते. दातांनी पाते ओढून पाहिले, त्यात एक दात गेला. उघडाच ठेवला, तर खिशातून मांडीत रुतला. स्वयंपाकाच्या सुरीने बोरू चिरफळतो. म्यान करून बारीक सुरी कमरेला लावली, तर बाजारात लोक म्हणू लागले, पंत दरोड्याला निघाले. आणि खरे सांगायचे तर मला चाकूच हवा होता, चार माणसांच्या खिशात असतो तसा.

तेव्हापासून शेजारचे भाऊराव रोज सकाळी पूजा आटोपून येत. "द्या," म्हणत, चाकू उघडत आणि पाटावर ठेवत. धारेची वस्तू हातातून हातात दिली की भांडण होते म्हणतात, म्हणून हातात कधी देत नसत. माझे बोरू तासून होईपर्यंत ते ओटीवर बसत, नदीला पाणी किती आहे, कोणाच्या म्हशीने काय खाल्ले, असले काहीबाही सांगत, मग चाकू मिटून ठेवून जात. घरात मी एकटाच. पत्नीला जाऊन अकरा वर्षे झाली आणि मूलबाळ नाही. साताऱ्याचा पुतण्या सारखा बोलावतो. "काका, ज्याला चाकू उघडता येत नाही, त्यानं एकट्यानं राहू नये," असे तो मागच्या खेपेला म्हणाला. चांगल्या मनाने म्हणाला, पण मला ते लागले.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी भाऊराव गेले आणि भिंतीपलीकडून त्यांचा आवाज आला. बायकोला सांगत होते, "आलो एकदाचा त्या थोट्याचा चाकू उघडून. रोजची पीडा आहे नुसती."

मी बोरू खाली ठेवला. त्या दिवशी एक ओळही लिहून झाली नाही. संध्याकाळपर्यंत मनाशी ठरले, की माझ्या एका हाताने उघडेल असा चाकू मिळाला तर वाईत राहायचे, नाही मिळाला तर पोथ्या बांधून साताऱ्याला जाऊन पुतण्याच्या ओसरीवर बसायचे. भाऊरावांना पुन्हा चाकू उघडायला लावायचा नाही. वाईत आणि पुण्यात दुकाने पालथी घातली. विलायती माल ठाण्याच्या बाजारात मुंबईहून ताजा येतो असे पुण्यात कोणी सांगितले, म्हणून पौष सरताना निघालो. मुंबईलाच का नाही गेलात, असे विचाराल तर मला त्या गर्दीची भीती वाटते.

ठाणे

आगगाडीने घाट कसा उतरतात ते पुष्कळांनी लिहिले आहे, मी लिहीत नाही. आमचे आप्त केशवराव तिथल्या कचेरीत कारकून आहेत. घर तळ्यापासून जवळच, नारळीच्या झाडांत. माणसे भली. पण आपल्याकडे पाहुणा आला की आधी त्याची चौकशी होते आणि मग त्याला पाणी मिळते, तसे इथे नाही. इथे आधी गूळपाणी, मग ताट, आणि चौकशी झाली तर झाली. जेवणात भात, त्यावर आमसुलाचे सार, पुन्हा भात. आपल्याकडे भाताने जेवण सुरू होते आणि भाताने संपते, इथे मधलेही तेच. वहिनींनी तांदळाची भाकरी केली, ती पांढरीशुभ्र आणि मऊ होती, पण मला आपली ज्वारीची आठवत राहिली.

दोन दिवसांत त्या घरात कोणी माझ्या हाताबद्दल चकार शब्द काढला नाही. वाढताना वहिनींची नजर हाताकडे जाई आणि लगेच भिंतीकडे वळे. केशवराव सकाळी कचेरीत जात, ते दिवेलागणीला येत, आणि "बरं आहे ना?" विचारून आत जात. इतक्या चांगल्या वागणुकीत मला इतके एकटे का वाटावे, ते कळेना. वाईत निदान लोक तोंडावर तरी विचारतात, काय पंत, हात हलतोय का.

बाजारात एका वाण्याकडे काचेच्या पेटीत विलायती चाकू मांडलेले होते. दोन पात्यांचे, चार पात्यांचे, एकाला तर बाटलीचे बूच काढायचा मळसूत्री खिळा. तो चाकू वाण्याने माझी शेंडी पाहून हळूच बाजूला सारला. मी म्हटले, चाकू घेताना काय पाहावे ते सांगा. तो खुलला.

"आधी पातं पाहा. यावर श्वास टाका. बघा, वाफ कशी पटकन उडाली? हे खरं पोलाद. आणि आता खटका ऐका." त्याने चाकू मिटला. टक्क असा आवाज झाला. "ऐकलंत? जितका खटका कडक तितका चाकू अव्वल. पाठीतली पट्टी मजबूत असल्याशिवाय असा बोलत नाही."

म्हणजे त्याच्या मते चाकू जितका चांगला तितका तो माझ्या कामाचा नव्हता. तरी त्याने पांढऱ्या मुठीचा एक नाजूक चाकू गादीवर ठेवला आणि मी तो उचलला. आधीच्या दातावरून शहाणा होऊन या खेपेला मी पाते नव्हे, मूठ दातांत धरली आणि नखाने पाते ओढले. उघडले! अगदी सहज उघडले. मी आनंदाने वर पाहतो तर वाणी डोळे फाडून बघत होता.

"अहो पंत, काय केलंत हे! ती मूठ हाडाची आहे!"

मला वाटले होते हस्तिदंत. हस्तिदंत तरी तोंडात धरावा काय, हाही प्रश्नच आहे, पण उत्साहात माणूस विचार करीत नाही. चाकू तोंडातून गादीवर पडला. "कसलं हाड?" मी विचारले.

"विलायती हाड. कुठल्या जनावराचं ते मला काय ठाऊक? आणि आता हा उष्टा चाकू मी कोणाला विकू?"

दुकानापुढे सातआठ माणसे जमली. कोणी म्हणाले घोड्याचे असेल, कोणी त्याहून वाईट जनावराचे नाव घेतले. एकजण मला समजावू लागला की साहेबाच्या देशात सगळी हाडे एकाच कारखान्यात जातात. चाकू अर्थातच मला घ्यावा लागला. मी तडक तळ्यावर जाऊन बुड्या मारल्या, बारा चुळा भरल्या, आणि पौषाच्या वाऱ्यात कुडकुडत उभा राहिलो. केशवरावांच्या घरी सांगायची सोय नव्हती. सांगितले असते तर माझे ताट अंगणात आले असते. पोट बिघडले आहे असे सांगून त्या दिवशी उपास केला आणि हे हसण्यासारखे आहे हे ज्याला सांगावे असे ठाण्यात कोणी नव्हते.

दुसऱ्या दिवशी चालत खाडीवर गेलो. मिठागरांत नुकते पाणी घेतले होते, खार जमिनीचा वास नाकात भरत होता. धक्क्याला एक मचवा लागला होता. त्याचा तांडेल, म्हणजे खलाशांचा मुख्य, काळा, आडवा, पन्नाशीचा माणूस. तो शिडाचा दोर एका हाताने ताणून धरून उभा होता. दुसरा हात त्याने कमरेला नेला, अंगठा हलवला आणि त्या हातात उघडा चाकू दिसला. दोराचे टोक त्याने कापले, चाकू मांडीवर दाबून मिटला आणि पुन्हा कमरेला खोचला. हे होईपर्यंत डाव्या हातातला दोर जराही सुटला नव्हता.

मी धक्क्याच्या कडेपर्यंत धावलोच. "तांडेल, तो चाकू एका हातानं उघडतो?"

"मग? दुसऱ्या हातान दोर धराचा नाय का?" तो म्हणाला. मग त्याने माझ्या डाव्या हाताकडे पाहिले, नजर न चोरता पाहिले. "हात गेलाय वाटतं तुमचा."

"गेलाय."

"वाईट झालं," तो म्हणाला. दोन दिवसांत हे म्हणणारा तो पहिला माणूस. "कल्यानच्या बंदरावर लव्हार हाय, दादू नावाचा. सगले खलाशी त्याच्याकरनं घेतात. आमी कल्यानलाच निघालोय भरतीबरोबर. येताव का?"

मी केशवरावांचा निरोप घेतला. त्यांनी राहण्याचा आग्रह केला, पण तो आग्रह दारापर्यंतच होता, आणि मला त्याचे वाईट वाटले नाही.

डोंबिवलीचा चिखल

खाडीतून कल्याणला जायला भरती सापडावी लागते. आम्हाला ती अर्धीच सापडली. मुंब्र्याचे डोंगर मागे पडले, पारसिकाचा कडा उन्हात तांबूस झाला, आणि डोंबिवलीच्या समोर येतो तोच मचवा चिखलात बसला. तांडेल म्हणाला, आता पाणी चढेपर्यंत हलायचे नाही. म्हणजे चारसहा तास.

डोंबिवली म्हणजे भाताची कापलेली खाचरे, त्यांत वालाचे हिरवे वेल, आणि झाडीत थोडी घरे. पाहण्यासारखे काही नाही, म्हणून मी ते बराच वेळ पाहिले. खलाशांनी मचव्यावर चूल पेटवली. तांदूळ शिजला, सुकी मासळी भाजली गेली. तिचा वास वाऱ्याबरोबर येई आणि मी तोंड फिरवून घेई. ते किळसेने की भुकेने, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही. चौघे एका परातीभोवती बसले आणि बोलत, हसत, एकमेकांच्या पुढचे ओढत जेवले. तांडेलने मला बोलावले नाही, कारण मी येणार नाही हे त्याला ठाऊक होते. मी नाळेवर, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकाला, पाठ करून बसलो आणि पंच्यात बांधलेले पोहे कोरडेच खाल्ले.

हा प्रवास मी कितीदा आठवला तरी तीच जागा डोळ्यांपुढे येते. ठाण्यात मला कोणी एकटे पाडले असे म्हणायला जागा होती. इथे मला कोणीच एकटे पाडले नव्हते. सहा हातांवर चार माणसे जेवत होती आणि मधले अंतर माझ्या सोवळ्याने घातलेले होते. आदल्या दिवशी कुठल्याशा जनावराचे हाड तोंडात घेतलेला मी, त्यांचा भात घेऊ शकत नव्हतो.

जवळच्या बांधावरून एक म्हातारी आगरीण वालाच्या शेंगांची पाटी घेऊन आली. खलाशांना दिल्या, आणि मग चिखलातून माझ्याकडे येऊन एक मूठभर शेंगा फळीवर ठेवल्या. "हिरव्या हायत. शिजवलेल्या नाय. खा," म्हणाली. मी एक शेंग दातांनी सोलू लागलो. तिने पाहिले, खाली बसली आणि सगळ्या शेंगा सोलून दाणे ओंजळीने फळीवर ओतले. पत्नी गेल्यापासून कोणी माझ्यासाठी शेंग सोलली नव्हती. मी तिला नाव विचारायला हवे होते.

कल्याण

कल्याणचे बंदर म्हणजे भाताची पोती, नारळ, कौले, आणि आरडाओरडा. गावात तळे आहे, जुन्या मशिदी आहेत, खाडीवर किल्ल्याचा बुरूज आहे. मी धर्मशाळेत उतरलो. तिथले यात्रेकरू टिटवाळ्याच्या गणपतीला निघाले होते आणि मलाही चला म्हणत होते. पण माझा देव त्या वेळी बंदरावरच्या लोहारशाळेत होता.

दादू लोहार साठीचा, हाडकुळा. त्याची बायको भाता ओढत होती. तो ऐरणीवर लोखंड ठेवी तेव्हा ती भाता थांबवी, तो ते विस्तवात घाली तेव्हा सुरू करी. दोघांत एक शब्द होत नव्हता. मी दारात उभा राहून बराच वेळ ते पाहत होतो. शेवटी तिनेच विचारले, "काय पायजे?"

मी हात दाखवला, चाकू मागितला. दादूने चाकू दाखवले नाहीत. म्हणाला, "अंगठा दाखवा."

मी म्हटले, लोक आधी पाते बघतात.

"बघतात ना. पातं घासलं की कुनाचंबी चकाकतं, पंत. चाकू घेताना आधी ज्याच्या हातात जायाचा त्याचा अंगठा बघावा. खलाशाचा अंगठा जाड असतो, त्याला सैल खिळा चालत नाय. तुमचा लिवनाऱ्याचा अंगठा, त्यात जोर कमी." त्याने सुतळीने माझ्या अंगठ्याचे माप घेतले, बोरू कसा धरतो ते करून दाखवायला लावले, ठोकळा किती उंच आहे ते विचारले. मग म्हणाला, "खलाशाचा चाकू तुमाला जड जाईल. पातळ पोलाद पायजे. ते माझ्याकडं नाय."

मी कमरेचा तो हाडाच्या मुठीचा चाकू काढून खाली ठेवला. त्याने उचलला, श्वास टाकला, नखावर वाजवला. "हे झ्याक हाय. याची मूठ फोडू?"

"फोड," मी म्हटले. इतक्या आनंदाने मी कधी कशाला परवानगी दिली नसेल.

त्याने पाठीतली कडक पट्टी काढून फेकून दिली. वाण्याने जिचे इतके कौतुक केले होते तीच ती. म्हणाला, ही असली की दोन हात लागतातच. मग धार मऊ पडू नये म्हणून पात्याला ओल्या मातीचा लेप देऊन फक्त बूड तापवले आणि तिथे बोटाच्या पेराएवढी एक शेपटी जोडली. मिटलेल्या चाकूतून ती शेपटी बाहेर डोकावते. अंगठ्याने ती दाबली की पाते वर येते, आणि अंगठा तसाच तिच्यावर ठेवला की पाते हलत नाही. न्हाव्याच्या वस्तऱ्याला असते तशीच ती. मी तसे म्हणालो आणि वस्तऱ्यासारखी अशुभ वस्तू घरात ठेवावी काय, अशी शंका काढली.

"वस्तरा नाय, वस्तऱ्याचा भाऊ," लोहारीण हसून म्हणाली.

शिसवी लाकडाची मूठ बसवायची होती, म्हणून मी दुसऱ्या दिवशीही जाऊन बसलो. काम करता करता दादूने विचारले, "इतके दिस कोन उघडून देत होतं?"

"शेजारी."

"रोज? किती वरसं?"

"चार."

"मग मानूस चांगला हाय."

मला राग आला. इतक्या लांब येऊन भाऊरावांची तारीफ ऐकायची माझी तयारी नव्हती. कोणालाही सांगितले नव्हते ते मी त्या दोघांना सांगून टाकले, भिंतीपलीकडून काय ऐकले ते, शब्दन् शब्द. थोटा म्हणाला, पीडा म्हणाला.

भात्यावरून त्याची बायको म्हणाली, "मी या मानसाला रोज शिव्या घालते. म्हनते, मेल्या, तुझ्या या धुरात माझा जलम गेला. तीस वरसं म्हनते. पन भाता सोडून गेले का कवा?"

ती भाता ओढत राहिली.

मूठ बसली, खिळा ठोकला, धार झाली. दादूने चाकू मिटून जमिनीवर ठेवला आणि दोघेही मागे सरून बसले. "उचला," तो म्हणाला. "आमी हात लावनार नाय."

मी उचलला. अंगठा शेपटीवर ठेवून दाबला. पाते उघडले. मांडीवर टेकवून मिटला, पुन्हा उघडला. असे किती वेळा केले ते मी मोजले नाही. चार वर्षांनी माझ्या हाताने चाकू उघडला होता आणि मला रडू आले. ती दोघे खाली बघत बसली होती.

वाई

घरी आलो त्याच्या दुसऱ्या सकाळी मी पहाटेच बोरू तासून ठेवले. सात बोरू, एकाहून एक सुरेख. भाऊराव पूजा आटोपून नेहमीसारखे आले, ओटीवर टेकले, "द्या," म्हणाले. मी खिशातून चाकू काढला, त्यांच्यासमोर अंगठ्याने उघडला आणि मिटला. ही घटका मनात घोळवतच मी सबंध प्रवास केला होता.

"वा," भाऊराव म्हणाले. चाकू पाटावर ठेवायला सांगून त्यांनी तो उचलून फिरवून पाहिला. "छान आहे. बरं झालं, सुटलो मी." मग थोडा वेळ बसले. उठले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. का यावे? तिसऱ्या दिवशीही नाही. मी बोरू तासून बसे आणि कान भिंतीकडे लागे. त्यांच्या पूजेची घंटा वाजे, ताम्हनाचा आवाज होई, मग सगळे शांत. नदीला पाणी किती आहे हे मला आठवडाभर कोणी सांगितले नाही. पुतण्याला मी ऐटीत पत्र लिहिले होते की आता मला कोणाची गरज नाही, आणि ते पत्र टपालात पडून गेले होते.

तेव्हा मी हे लिहायला घेतले. भाऊरावांनी घाट कधी उतरलेला नाही. खाडी पाहिलेली नाही, मचवा पाहिलेला नाही. प्रवासाची हकीकत ऐकायला माणसाला बोलावता येते, त्यात कोणाचा कमीपणा नाही. नऊ दिवस लिहीत होतो. लिहिताना त्यांचे ते वाक्य आले तेव्हा थांबलो. न लिहावे तर हा प्रवास कशासाठी केला तेच सांगता येत नाही. लिहिले. मग ते कागदावरून खरवडून काढायला चाकू उघडला, आणि तसाच धरून बसलो. शेवटी मिटला. वाचताना गाळीन असे ठरवले.

पुढचे पान मागाहून जोडले आहे.

आज सकाळी मी भिंतीपाशी जाऊन हाक मारली, "भाऊराव, प्रवासाचं लिहिलंय. ऐकता का?" जरा वेळाने "येतो" असे आले. ते आले, भिंतीला टेकून बसले, मी वाचू लागलो. ते वाक्य दुसऱ्याच पानावर आहे. तिथे पोहोचलो आणि थांबलो. गाळायचे ठरवले होते, पण पुढचे शब्द डोळ्यांना सापडेनात.

"थांबलात का?" भाऊराव म्हणाले. "वाचा."

मी वाचले. जसेच्या तसे वाचले, पीडा आहे नुसती इथपर्यंत. मान वर केली नाही.

भाऊराव म्हणाले, "मी असं म्हटलं होतं?"

"म्हटलं होतं."

"म्हटलं असेन." त्यांनी उपरण्याने तोंड पुसले. "मग लिहिलंत ते बरोबर आहे. खोडू नका. पुढं वाचा."

मी ठाण्याचे वाचले. हाडाच्या मुठीपाशी ते इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि मला पाणी आणायला उठावे लागले. कसलं हाड, कसलं हाड, असे तीनदा विचारून पुन्हा हसले. मी तांडेलापर्यंत आलो. मचवा चिखलात बसला. मी पान उलटू लागलो तशी ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

"किती राहिलंय?" त्यांनी विचारले.

"डोंबिवली आहे, मग कल्याण. घटकाभराचं."

भाऊराव पायरीशी थांबले. माझ्याकडे न बघता जोड्यांत पाय घालत म्हणाले, "सगळं आजच वाचू नका. उद्याला ठेवा थोडं."